शिमल्याला बर्फ, जालन्याला गारा!

जालन्यात बर्फ पडतो असं गांधी चमनच्या टपरीवर कुणी म्हणालं, तर सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यालाच भरावे लागतील. पण हिवाळी वादळ जालन्यालाही सोडत नाही. फक्त येताना वेष बदलून येतं.

पाहुणा लांबचा
काश्मीर, हिमाचलात हिवाळ्यात बर्फ पाडणारी वादळं भूमध्य समुद्राकडून निघतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडत ती हिमालयावर आदळतात. हवामान खात्याच्या भाषेत हा पश्चिमी विक्षोभ. एरवी तो उत्तरेतूनच निघून जातो. त्याचा पसारा दक्षिणेकडे उतरला आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा त्याला भेटली, की मराठवाड्यात अवकाळी ठरलेलीच.

श्रावणात गारा का नाहीत?
ढग तर पावसाळ्यातही असतात! पण तेव्हा आकाशातली गोठणरेषा उंच असते, ढगातले वर चढणारे झोत त्या मानाने मवाळ असतात. चुकून गार तयार झालीच, तरी जमिनीवर येईपर्यंत तिचं पाणी होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरची हवा गार आणि खालची जमीन तापू लागलेली, म्हणून गार शाबूत उतरते.

पापुद्रे मोजा
मोठी गार मधोमध फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी होतो. सावकाश गोठलं की थर काचेसारखा पारदर्शक. लिंबाएवढी गार ताशी 40 ते 65 किलोमीटर वेगानं खाली येते. म्हणजे डोक्यावर मोटारसायकलच!

रविवारची सकाळ
गारपीट बहुतेक वेळा दुपार कलल्यावर होते. पण 11 फेब्रुवारी 2018 च्या रविवारी तिनं जालना आणि मंठा तालुक्यांना सकाळीच गाठलं. काढणीला आलेला गहू, हरभरा आडवा झाला. त्याआधी 2014 मध्ये तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारांचा मुक्काम राज्यातच होता. फटका बसला 28 जिल्ह्यांना.

हरभऱ्याची आंब
हिवाळ्यात भल्या पहाटे हरभऱ्यातून चाललात तर पायांना चुरचुरतं. पानांवर आंबट खार असतो ना! जुनी माणसं स्वच्छ पांढरं धोतर दवानं भिजलेल्या पिकावरून फिरवायची आणि पिळून आंब बाटलीत भरायची. पोटदुखीवरचं ते घरचं औषध. अवकाळी आली की हा खार धुऊन जातो. फुलं गळतात ती वेगळीच.

थंडी वैरी की मैत्रीण?
कोणाला विचारता त्यावर आहे. मोसंबीवाला खूश, कारण थंडी आणि पाण्याचा ताण बसला की झाड वाढ थांबवतं आणि पुढे आंबे बहर फुटतो. गहूवालाही खूश. कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावात मात्र पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटतात आणि पहाटे ठिबक सुरू होतं. शाळू ज्वारीला थंडी मानवते, पण कणसात दाणा भरल्यावर पाऊस झाला की ज्वारी काळी पडते. मग बाजारात भावही पडतो.

हुडहुडी म्हणजे लाट नव्हे
स्वेटर निघाला की लगेच ‘थंडीची लाट’ म्हणू नका. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी घसरलेलं हवं. पारा 4 अंशांवर आला तर मात्र सरासरीचा हिशेब विचारायचा नाही, ती लाटच!

जगातले वस्ताद
सर्वांत वजनदार गारेची नोंद बांगलादेशातल्या गोपालगंजची आहे: 14 एप्रिल 1986, वजन 1.02 किलो. सर्वांत जीवघेणी गारपीट आपल्याच मुरादाबादची. 30 एप्रिल 1888 ला तिनं 246 बळी घेतले.

कागदावरची गार
गारपीट आणि थंडीची लाट, दोन्ही सरकारी आपत्तींच्या यादीत आहेत. मदतीसाठी पिकाचं किमान 33 टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. गारा तासाभरात वितळतात, तलाठी सवडीनं येतात. तेव्हा आधी मोबाइलवर फोटो, कपाळाला हात नंतर!