जावा, राजदूत आणि जंगलातला गंज

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ मध्ये पहिल्या जावा गाड्या बाहेर पडल्या. पुढल्याच वर्षी एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून राजदूत बनवायला घेतली. जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजूंचा क्रोम आजही नजर खिळवून ठेवतो. ब्रह्मपुरी, मूल, सिरोंचा भागात अशी एखादी गाडी कुठल्या गोठ्यात, कुठल्या पडवीत पोत्याखाली उभी असते. घरातल्या तरुणाला एक दिवस ती उजळावीशी वाटते, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

गंजाला हा मुलुख फार सोयीचा आहे. गडचिरोलीत वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जंगलातली दमट हवा पावसानंतरही लवकर हटत नाही. चंद्रपूरकडे त्यात कोळशाच्या धुराची भर पडते. तिथलं महाऔष्णिक विद्युत केंद्रच २,९२० मेगावॅटचं. कोळशातल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं होतं की स्वच्छ दमट हवेत लोखंड बराच काळ तग धरतं; पण हा वायू किंचितही मिसळला, तर साठ टक्क्यांच्या पुढच्या आर्द्रतेत गंजाचा वेग एकदम चढतो. विद्युत केंद्राशेजारच्या ऊर्जानगरची गाडी आणि जंगलातल्या भामरागडची गाडी म्हणूनच एकाच पद्धतीनं सांभाळून चालत नाही.

आता क्रोमचं बघा. त्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. लोखंडाचं खरं रक्षण करतं ते त्याखालचं निकेल. क्रोम-निकेलला बारीक छिद्रं पडली की त्यांतून तांबेऱ्याचे ठिपके वर येतात. अशा वेळी वॉटर पेपर किंवा बफिंगचं चाक लावलं तर ठिपक्यांबरोबर उरलेला क्रोमही जातो. दोन-चार महिने रिम झळकते, पुढच्या पावसाळ्यात मात्र गंज दुपटीनं पसरतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात ओली करून हलक्या हातानं घासावी. ती क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडे पडत नाहीत. मग भाग पूर्ण कोरडा करून मेणाचा पातळ थर द्यावा. इंजिनाच्या ॲल्युमिनियम कव्हरला कॉस्टिक सोडा चुकूनही लावू नये. तो धातूच खातो.

स्टँड, चेसिस, मडगार्डची आतली बाजू अशा क्रोम नसलेल्या लोखंडासाठी मला या जंगलाचंच एक फळ आठवतं. हिरड्यात भरपूर टॅनिन असतं. टॅनिन लोखंडाच्या गंजाशी मिळून निळसर काळं, स्थिर संयुग बनवतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच क्रियेनं काळी होत असे. संग्रहालयांतले संवर्धक उत्खननातलं लोखंड टॅनिक आम्लानं जपतात. त्यासाठी शुद्ध टॅनिक आम्ल घेऊन द्रावण फॉस्फोरिक आम्लानं थोडं आंबट करतात. नुसता हिरड्याचा काढा तेवढं काम करणार नाही. सुटा गंज आधी तारेच्या ब्रशनं झाडावा, द्रावण लावून वाळू द्यावं आणि वर मेण किंवा उकळलेलं जवस तेल लावावं, कारण तो काळा थर सच्छिद्र असतो. जवस तर आपल्या विदर्भाचंच पीक. ते तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरतं. सायलेन्सरला मात्र ते लावू नये.

खंडेनवमीला गाडी धुवून झेंडू बांधतो तेव्हा स्पोकच्या मुळाशी पाणी राहतं. हार घालण्याआधी ते कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावं, जमलं तर हवेच्या पंपानं उडवावं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेल फिरवावं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. इंजिन आणि चेसिसवर ठोकलेले आकडे हीच अशा गाडीची ओळख. तेव्हा गाडी मेस्त्रीकडे देताना स्वतः उभं राहा, आणि त्या आकड्यांवर बफिंगचं चाक फिरू देऊ नका.