'एवढं एकच' म्हणणारा वामन

असाइनमेंटची डेडलाइन रात्री बाराची. पावणेबाराला तुम्ही चॅटबॉटला सांगता, "एवढं एकच लिहून दे." पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन. मग सीव्ही. मग कुणाला तरी पाठवायचा 'सॉरी'चा मेसेजसुद्धा. किती दिलं, याचा हिशोब कोण ठेवतंय! जयंत नारळीकरांनी मात्र तो ऐंशीच्या दशकातच मांडून ठेवलाय, 'वामन परत न आला' या कादंबरीत.

गोष्ट थोडक्यात अशी. जमिनीखाली खोलवर एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वीच्या, आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेल्या आणि तरीही नामशेष झालेल्या संस्कृतीने ती ठेवलेली असते. आत ज्ञानाचं घबाड! आपले शास्त्रज्ञ ते उलगडत जातात. त्यातून आधी कॉम्प्युटर तयार होतो आणि मग माणसासारखा विचार करणारा रोबो, वामन. तो हुशार आहे, कामाचा आहे, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. त्याला फक्त स्वतःसारखा आणखी एक हवा असतो. एवढं एकच.

शेवट सांगत नाही. पण नावाकडे बघा. नारळीकरांची आणखी एक कादंबरी आहे, 'अंतराळातील भस्मासूर'. भस्मासुराला वर शंकरानेच दिला आणि वामनाला जमीन बळीराजाने स्वतःच्या हाताने. दोन्ही कथांत संकट घरात घुसत नाही, आपणच त्याला 'या, बसा' म्हणतो. हॉलिवूडचा राक्षस दात दाखवत येतो. आपला वामन बटू होऊन, हात जोडून येतो. म्हणून तो मला जास्त भीतीदायक वाटतो.

बळीला सावध करणारा एक जण होता, शुक्राचार्य. दानाचं पाणी सुटू नये म्हणून तो झारीच्या तोटीत जाऊन बसला आणि एक डोळा गमावून बसला. आपण काय केलं? कामात खोडा घालणाऱ्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणायला लागलो. आज वर्गात कुणी "जरा थांबूया का?" म्हणालं, तर त्याचीही गत तीच होते.

आता तीन पावलांचा हिशोब डोंबिवलीच्या भाषेत करू. समजा, एका रोबोला दुसरा बनवायला स्लो लोकलच्या डोंबिवली ते सीएसएमटी एका फेरीएवढा, म्हणजे साधारण सव्वा तास लागतो. नवा रोबोही लगेच कामाला लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांनंतर १,०२४. अजून तरी गर्दी आपल्या ओळखीची आहे. तीस फेऱ्यांनंतर, म्हणजे जेमतेम दीड दिवसात, १०७ कोटींहून जास्त! चौथ्या सीटवर तरी बसायला मिळेल का?

स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचं गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं होतं. १९८० मध्ये फ्रँक टिपलर या भौतिकशास्त्रज्ञाने ते थेट अंतराळात नेलं. अशी याने सोडली की विश्वाच्या वयाच्या मानाने थोड्याच काळात ती आकाशगंगाभर पसरतील. ती इथे दिसत नाहीत, म्हणजे परग्रहावर बुद्धिमान कोणी नाहीच, असं त्याचं म्हणणं. कार्ल सेगन आणि विल्यम न्यूमन यांनी १९८३ मध्ये त्याला उत्तर दिलं. ज्यांना थोडी तरी अक्कल असेल ते असली यंत्रं बनवणारच नाहीत, कारण ती सगळी आकाशगंगा खाऊन टाकतील. थोडक्यात, बुद्धी असल्याची खूण म्हणजे काय बनवायचं नाही हे कळणं. नारळीकरांचे शास्त्रज्ञ नेमके याच प्रश्नापाशी अडकतात, आणि त्यांच्या हातात पेटी आधीच आलेली असते.

कादंबरी परफेक्ट आहे, असं नाही. पात्रं मधूनमधून लेक्चर देतात, आणि तिथला कॉम्प्युटर आज म्युझियममधला वाटतो. पण वेग असा की स्टेशन चुकेल.

लेखकाचा एक किस्सा मला फार आवडतो. १९७४ मध्ये नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. (दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा हा प्रकार चालतो बरं का, कथा स्वतःच्या डोक्यातली असेल तर.) गेल्या २० मे २०२५ला ते गेले, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांच्या स्टेटसला त्यांचा फोटो होता. पुस्तक किती जणांच्या हातात होतं?

ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, कल्याणात १८६४ पासूनचं सार्वजनिक वाचनालय. दोन्ही ठिकाणी नारळीकर मागून बघा. आणि प्लीज, चॅटबॉटला समरी विचारू नका.