आरसा असलेला की बिनआरशाचा?

उन्हाळा जवळ आला की नागपूरच्या हौशी छायाचित्रकारांच्या गप्पांत ताडोबा आणि पेंचच्या आरक्षणाबरोबर एक प्रश्न हमखास निघतो. फुल-फ्रेम डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? प्रश्न हौसेचा असला तरी क्षुल्लक नाही. कॅमेरा आणि त्याला साजेशी भिंगे मिळून खर्च लाखांच्या घरात जातो आणि एकदा एका कंपनीच्या माऊंटशी गाठ पडली की ती सोडवणे महागात पडते.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. फुल-फ्रेम म्हणजे सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर. तो दोन्ही प्रकारांत मिळतो. निकॉनचा २०१७ मधील डी८५० हा डीएसएलआर आणि २०१८ मधील झेड ७ हा मिररलेस, दोन्ही ४५.७ मेगापिक्सेलचेच. तेव्हा चित्राच्या प्रतीसाठी हा वाद घालण्यात फारसे हशील नाही. भेद आहे तो दृश्य डोळ्यापर्यंत कसे पोहोचते यात. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आणि तेथून प्रिझममधून थेट डोळ्यात येतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि सेन्सर उघडा पडतो. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सर अखंड जागा असतो आणि त्याने टिपलेले दृश्य एका छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसते.

नागपूरकराच्या दृष्टीने खरी मेख येथेच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी तापमानाची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. मे महिन्यात येथे पारा सावलीतच ती ओलांडतो, आणि उघड्या जिप्सीत काळ्या रंगाच्या कॅमेऱ्याची अवस्था काय होत असेल हे सांगायला नको. मर्यादा दोघांनाही सारखीच; पण वाघाची वाट पाहताना डीएसएलआरचा सेन्सर विश्रांती घेत असतो, मिररलेसचा मात्र राबत असतो. तो तापतो, बॅटरीही खातो. जपानी उद्योगसंघटनेच्या प्रमाणित चाचणीत डी८५० एका चार्जवर १८४० छायाचित्रे काढतो, तर झेड ७ सुमारे ३३०. प्रत्यक्षात हा आकडा बराच वाढतो हे खरे; तरीही मिररलेसवाल्याने खिशात दोन जादा बॅटऱ्या ठेवाव्यात आणि दुपारी सलग चित्रफीत घेण्याचा मोह आवरावा.

धुळीचेही तसेच. आरसा नसल्याने भिंग काढताच अनेक मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर उघडा पडतो. काहींत कॅमेरा बंद करताच शटर झाकले जाते, ही सोय विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावी. कच्च्या रस्त्यावर भिंग बदलणे कोणत्याही कॅमेऱ्याला मानवत नाही.

एवढे वाचून डीएसएलआरकडे मन झुकले असेल, तर दुसरी बाजूही ऐकायला हवी. वाघ क्वचितच चौकटीच्या मध्यभागी उभा राहतो. डी८५०चे १५३ फोकस बिंदू मध्याभोवतीच एकवटलेले आहेत. झेड ७ चे चौकटीच्या सुमारे ९० टक्के भागावर पसरले आहेत. नवे मिररलेस तर प्राण्याचा डोळा ओळखून तो धरून ठेवतात. शिवाय ते संपूर्ण निःशब्द चालू शकतात. लग्नमंडपात, सभागृहात ही शांतता मोलाची असते. मात्र मंडपातील एलईडी दिव्यांखाली निःशब्द शटरने चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात, हे आधी तपासले नाही तर अक्षता पडल्यावर पुन्हा संधी नाही.

मारबत मिरवणुकीच्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून मागच्या पडद्यावर पाहत छायाचित्र घ्यावे लागते. डी८५० अशा वेळी फोकस करताना रेंगाळतो. मिररलेसची पद्धत मुळातच पडद्याची असल्याने त्याला फरक पडत नाही.

वजनाचा मुद्दा मात्र जाहिरातीत वाटतो तेवढा मोठा नाही. बॅटरीसह डी८५० १००५ ग्रॅमचा, झेड ७ ६७५ ग्रॅमचा. पण निकॉनचे २००-५०० मिलिमीटरचे भिंगच सुमारे २३०० ग्रॅमचे आहे. ते झेड ७ ला जोडायला १३५ ग्रॅमचा अडॅप्टर लागतो. म्हणजे संपूर्ण संचात फरक उरतो तो दोनशे ग्रॅमच्या आसपास. हलकेपणाचे सुख लहान भिंगे वापरणाऱ्यालाच.

तेव्हा निर्णय कॅमेऱ्यापेक्षा भिंगांवरून व्हावा. निकॉनचा एफ माऊंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा; दोहोंची भिंगे घराघरांत आहेत. ईएफ भिंगे अडॅप्टर लावून कॅननच्या आर मालिकेवर उत्तम चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र मोटर नसल्याने जुन्या ‘डी’ भिंगांचा फोकस हाताने करावा लागतो. उलट दिशेने काहीच जात नाही. मिररलेसची भिंगे डीएसएलआरवर बसत नाहीत. त्यातच २०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी एकही नवा फुल-फ्रेम डीएसएलआर आणलेला नाही आणि नवी भिंगे मिररलेससाठीच निघत आहेत. पाटी कोरी असलेल्याने आज डीएसएलआरपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे तीन-चार चांगली भिंगे आहेत त्याने घाई करण्याचे कारण नाही. कॅमेरा चालतो आहे तोवर चालवावा. आणि केवळ वन्यजीवांसाठीच घ्यायचा असेल, तर फुल-फ्रेमचा हट्टच का, हेही स्वतःला विचारावे. दीडपट क्रॉपच्या लहान सेन्सरवर ५०० मिलिमीटरचे भिंग ७५० चे दृश्य देते.

विद्यार्थ्याला किंवा नव्या व्यावसायिकाला जुना डीएसएलआर स्वस्तात मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही. मात्र शटर किती वेळा उघडले आहे ते पाहावे. डी८५०चे शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेले असते. भिंग दिव्यासमोर धरून बुरशीचे जाळे दिसते का ते बघावे, कारण विदर्भातला पावसाळा बंद कपाटातल्या भिंगांना सोडत नाही. लहान छिद्र ठेवून स्वच्छ आकाशाचे एक छायाचित्र घ्यावे. सेन्सरवरचे डाग त्यात लगेच उघडे पडतात. आणि पैसे देण्यापूर्वी अर्धा तास उन्हात कॅमेरा चालवून पाहण्याची परवानगी मागावी. विक्रेता आढेवेढे घेऊ लागला तर दुसरे दुकान गाठावे.