डग्गा कुठे गेला?

घरी स्पीकर बनवायचे तर विलेपार्ल्याहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरायचं आणि पायी लॅमिंग्टन रोड गाठायचा. खर्जाचा वूफर, वरच्या सुरांचा ट्विटर, दोघांत सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर, मीटरवर मिळणारी वायर, सगळं तिथे मिळतं. प्लायची पेटी सुतार करून देतो. १९२३ साली स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघात गाण्याचे कार्यक्रम ऐकत आलेल्या पार्लेकराला घरीही तबला तबल्यासारखाच ऐकू यायला हवा असतो.

आणि नेमका डग्गाच गायब होतो. गाणं लागतं, आवाजही मोठा येतो, पण घुमारा नाही. दोष बहुतेकदा वूफरला दिला जातो. खरं तर एका पेटीची वायर उलटी लागलेली असते, एवढंच.

स्पीकरला दोन टर्मिनल असतात. अधिक खूण असलेल्या टर्मिनलला अधिक विद्युतदाब मिळाला की स्पीकरचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन, पुढे येतो; जोडणी उलटली की मागे जातो. दोन्ही पेट्यांना एकच सूर मिळतो, पण एक हवा पुढे ढकलते त्याच क्षणी दुसरी मागे ओढते. शंभर हर्ट्झच्या खर्जाची ध्वनिलहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. दिवाणखान्यात दीड मीटर अंतरावर ठेवलेल्या पेट्यांच्या मधोमध बसलं, तर दोन्हींच्या लहरी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. वरच्या सुरांच्या लहरी काही सेंटिमीटरच्याच, त्यामुळे ते पूर्ण विरत नाहीत. मात्र गवई समोर बसल्यासारखा न वाटता आवाज खोलीभर पसरतो. फ्यूज उडत नाही, काही जळत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. लोक मग व्हॉल्यूम वाढवतात, बासचं बटण पिळतात.

एकाच पेटीत दोन वूफर असतील तर हाल आणखी वाईट. एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि हवा आतल्या आत फिरते.

तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. ॲम्प्लिफायरची वायर काढायची, सेल वूफरच्या टर्मिनलना क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला, तर सेलचं अधिक टोक लागलं ते टर्मिनल अधिक. डाग देण्याआधीच हे करावं. लाल रंगावर मात्र आंधळा विश्वास नको: जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये लाल टर्मिनलला अधिक लावलं की कोन आत जायचा. ट्विटरला सेल लावू नये, त्याची कॉइल फार नाजूक असते.

ओहमकडेही लक्ष हवं. आठ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की चार ओहम होतात, एकामागोमाग जोडले की सोळा. चार ओहम आपल्या ॲम्प्लिफायरला झेपतात का, हे त्याच्या पाठीवर छापलेलं असतं.

ट्विटरच्या बाबतीत मात्र उलटी वायर कधी कधी बरोबर ठरते. दर सप्तकाला १२ डेसिबलने आवाज कापणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्विटर यांच्यात, जिथे त्यांचे सूर जुळतात तिथे, १८० अंशांचा, म्हणजे नेमका उलटा, फरक पडतो. म्हणून अनेक आराखड्यांत ट्विटर मुद्दाम उलटा जोडतात. आराखडा हाताशी नसेल तर दोन्ही तऱ्हांनी जोडून ओळखीचा आवाज लावावा आणि ज्या जोडणीत तो भरीव वाटेल, ती पक्की करावी.