लाकूड वाया जाते ते आधी जंगलातच

ब्राझीलच्या पारा राज्यातला पारागोमिनास हा लाकडाच्या धंद्यावर वाढलेला भाग. 1990च्या दशकात इथल्या ॲमेझॉन जंगलात तोडीच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या : एक नेहमीची, दुसरी आधी मोजणी आणि आखणी करून केलेली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबाने काही पक्के समज खोटे ठरवले.

गैरसमज : नासाडी होते ती सॉ मिलमध्ये.
वस्तुस्थिती : मिलमध्ये भुसा पडतोच, पण त्याआधीच बरेच लाकूड हातचे गेलेले असते. बुंधा नको तितका उंच सोडला जातो, पडताना खोड उभे चिरते, ओंडका भलत्याच जागी कापला जातो. नकाशा नसेल तर पाडलेले झाड ट्रॅक्टरवाल्याला सापडतही नाही. पारागोमिनासला नेहमीच्या तोडीत जवळपास पाव हिस्सा लाकूड असे वाया गेले. आखणीच्या तोडीत सुमारे 8 टक्के.

गैरसमज : झाड पोकळ आहे की भरीव, हे पाडल्यावरच कळते.
वस्तुस्थिती : जाणता कामगार आधी यांत्रिक करवतीचे टोक बुंध्यात उभे घुसवून पाहतो. करवतीला सारखा जोर लागला आणि भुसा स्वच्छ आला, तर खोड भरीव. जोर एकदम सुटला, काळपट भुसा किंवा चिखल बाहेर आला, तर आत पोकळी. असे झाड उभेच ठेवायचे. ते पाडून तिथेच टाकण्यात कोणाचाच फायदा नाही.

गैरसमज : एक झाड तोडले की एकच झाड जाते.
वस्तुस्थिती : या जंगलात जाडजूड वेली शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतवून ठेवतात. एक झाड कोसळले की ते आणखी चार-दोन ओढून आणते. म्हणून तोडीच्या आधी काही महिने वेली कापून ठेवतात, म्हणजे त्या वाळून सुटतात. झाड कुठल्या बाजूला पाडायचे आणि ओंडके कुठल्या वाटेने ओढायचे, हेही आधीच ठरते.

गैरसमज : इतकी काळजी परवडत नाही.
वस्तुस्थिती : मोजणी, नकाशे आणि प्रशिक्षण यांचा खर्च आधी करावा लागतो, हे खरे. पण ट्रॅक्टरची वणवण थांबते आणि पाडलेले लाकूड हाती लागते. पारागोमिनासला आखणीच्या तोडीचा दर घनमीटर खर्च सुमारे 12 टक्के कमीच आला. तरीही ही पद्धत सर्वत्र रुजली नाही. चोरटे लाकूड बाजारात स्वस्त पडते, आणि जिथे मजुरी घनमीटरवर मिळते तिथे कामगाराला घाईच फायद्याची.

गैरसमज : नीट तोड केली की जंगल आपोआप टिकते.
वस्तुस्थिती : ब्राझीलच्या नियमांनुसार यंत्राने ओंडके ओढायचे असतील, तर हेक्टरी जास्तीत जास्त 30 घनमीटर तोडता येतात आणि पुढची पाळी 35 वर्षांनी येते. म्हणजे हेक्टरी वर्षाला साधारण 0.86 घनमीटर वाढ गृहीत धरली आहे. मासारांदुबासारखी (आपल्या चिकूच्या नात्यातली) कठीण लाकडाची झाडे फार सावकाश वाढतात. बाजारात चालणाऱ्या जातींचे लाकूड एवढ्या काळात पुरते भरून येत नाही, असे अनेक अभ्यास सांगतात. वाया जाणारे लाकूड वाचले, तर तेवढाच माल कमी झाडांतून मिळतो. ती वाचलेली झाडे उभी राहिली तरच जंगलाचा लाभ. त्याच हिशेबात आणखी तोडली, तर फायदा फक्त ठेकेदाराचा.