विमान उलटं, चहा सुलट

बॉब हूव्हर या अमेरिकी वैमानिकाची एक जुनी चित्रफीत आहे. दोन इंजिनांचं श्राइक कमांडर विमान तो हवेत गिरकी घेत उलटं करतो आणि ते फिरत असतानाच जगमधला थंडगार चहा पेल्यात ओततो. चहा सांडत नाही. पाहणाऱ्याला ही हातचलाखी वाटते, पण कसरती विमानात पाहुणा म्हणून बसणाऱ्याने सगळ्यात आधी पाहावी ती हीच फीत. कारण बहुतेकांची पहिली भीती असते, ‘विमान उलटलं की मी पट्ट्याला लोंबकळणार.’

पाण्याने भरलेली बादली झपकन गोल फिरवली तर ती डोक्यावर आली तरी पाणी पडत नाही. बॅरल रोल, म्हणजे हूव्हरची ती गिरकी, आणि लूप, म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, या दोन्हींत हेच घडतं. विमान सतत वक्र वाटेवर असतं, त्यामुळे आसन तुम्हाला ढकलत राहतं. हूव्हरच्या पेल्यावरचा भार टेबलावरच्या पेल्याइतकाच, म्हणजे साधारण १ जी होता. लूपच्या माथ्यावर, डोकं जमिनीकडे असतानाही, अंग आसनाला हलकं टेकलेलं असतं. विमान उलटं करून सरळ रेषेत नेलं, तरच माणूस खरा लोंबकळतो. आवळलेले पाच पदरी पट्टे असतात ते तेवढ्यासाठी.

याच तत्त्वावर १९५५ मध्ये टेक्स जॉन्स्टनने सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर बोइंगचं चार इंजिनांचं डॅश ८० हे जेट चक्क बॅरल रोलमध्ये फिरवलं. बोइंग ७०७ या प्रवासी विमानाचा तो पूर्वावतार. यावरून ‘मग कुठलंही विमान फिरवता येतं’ असा निष्कर्ष काढणारे असतात, आणि तो जीवघेणा आहे. साधं छोटं विमान ३.८ जीपर्यंतच्या भाराला मान्यताप्राप्त असतं, कसरती वर्गातलं किमान ६ जीपर्यंत. नवशिक्याच्या गिरकीत नाक खाली घसरतं, वेग बेफाम वाढतो आणि घाबरून तो स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, ओढतो. पंख मोडतात ते अशा वेळी. वाल्टर एक्स्ट्रा यांनी रचलेलं एक्स्ट्रा ३०० मात्र एकटा वैमानिक असताना अधिक-उणे १० जी आणि दोघं असताना ८ जी सोसतं. विमान थकण्याच्या कितीतरी आधी पाहुणा थकतो.

खरी कसोटी रक्ताची. लूप सुरू होताना ४ जीच्या आसपास भार येतो, तेव्हा ६० किलोचा माणूस २४० किलोचा होतो. मांडीवरचा हात उचलवत नाही, गाल ओघळतात, रक्त पायांकडे धावतं. पहिली तक्रार डोळे करतात, कारण डोळ्याच्या आतल्या दाबाविरुद्ध रक्ताला पोचावं लागतं: रंग फिके होतात, कडेचं दिसेनासं होतं. ‘म्हणजे शुद्ध हरपणार’ असं नाही. मेंदूकडे पाचेक सेकंदांचा प्राणवायू शिल्लक असतो आणि लूपमधला कमाल भारही काही सेकंदांचाच. मांड्या, पोटऱ्या आणि पोट घट्ट आवळून धरलं की नजर बऱ्यापैकी टिकते.

अवघड आहे ते उणे जी. त्यात रक्त डोक्याकडे चढतं आणि उणे २-३ जीमध्येही चेहरा फुटेल असं वाटतं. त्याहून फसवी गोष्ट अशी, की उणे जीनंतर लगेच जोराचा अधिक जी आला तर रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात आणि शुद्ध एरवीपेक्षा लवकर जाते. म्हणून जाणता वैमानिक नवख्याला, तो कितीही हट्टाला पेटला तरी, अशा करामती देत नाही. पाहुण्याला घाबरवून मजा घेणारा वैमानिक मला तरी कच्चा वाटतो.

पोटाचं काय? ‘उपाशी जा, उलटी होणार नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो. रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढते; हलकं खाऊन जावं, तेलकट टाळावं. मळमळीचं मूळ पोटात नाही, कानात आहे. आतल्या कानाचा निरोप एक, डोळ्यांचा दुसरा, अशा भांडणातून ती येते. म्हणून मांडीकडे न बघता क्षितिज शोधावं, पंखाच्या टोकाकडे बघावं. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, त्याच न्यायाने काही वैमानिक पुढच्या आसनावरच्या पाहुण्यालाही थोडा वेळ स्टिक धरू देतात. स्वतः ते मागे बसतात, कारण एक्स्ट्रा ३००मध्ये मुख्य वैमानिकाची जागाच मागची.

‘विमान उलटलं की इंजिन बंद पडतं’ ही समजूत जुन्या विमानांपुरती खरी आहे. कार्बोरेटरवालं इंजिन उलटं धरलं की उपाशी राहून खोकतं. कसरती विमानात इंधनाचं इंजेक्शन असतं आणि टाकीत वजन लावलेली लवचिक नळी इंधन जिकडे जाईल तिकडे वळते. स्टॉलशी तर इंजिनाचा संबंधच नाही. पंख हवेला साधारण १५ अंशांहून मोठ्या कोनात सामोरा गेला की उचल तुटते, तोच स्टॉल, मग इंजिन पूर्ण ताकदीने का चालू असेना. त्यातून विमान गरगरत खाली येऊ लागलं की पाहुण्याला शेवट दिसतो. वैमानिक इंजिनाची ताकद कमी करतो, उलट बाजूचं रडर दाबतो, स्टिक पुढे नेतो आणि बाहेर येतो. हूव्हर तर दोन्ही इंजिनं बंद करून लूप मारायचा आणि तसाच उतरायचा. उंची खर्चून वेग आणि वेग खर्चून उंची, असा हा चोख हिशेब असतो.

‘हे लोक जिवावर उदार असतात’ हे मत मात्र शंभर वर्षांहून जुनं आहे. ९ सप्टेंबर १९१३ रोजी कीव्हमध्ये प्योत्र नेस्टेरोव्हने गणित मांडून जगातला पहिला लूप घेतला, तर सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल त्याला दहा दिवसांची कैद ठोठावली गेली! पुढे त्याला बढतीही मिळाली. मरीन ड्राइव्हवर वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं पाहताना आपल्याला जो थरार वाटतो, तो रोजच्या सरावातून आलेला असतो. अमेरिकेत एअर शोमध्ये उतरणाऱ्या वैमानिकाला आधी ८०० फुटांचा परवाना मिळतो, मग ५००, मग २५०, आणि शेवटी जमिनीलगतचा. तुमची सैर मात्र उंचावर होते; १५०० फुटांखाली कसरत करायला तिथे नियमानेच बंदी आहे.

पॅराशूट पाठीवर चढवल्यावर चेहरा पडू देऊ नका. पाहुणा सोबत असताना ठरावीक कोनापलीकडे विमान कलंडवायचं तर अमेरिकी नियम दोघांनाही ते सक्तीचं करतो. त्यापेक्षा खिशाची काळजी करा. सुटं नाणं, पेन किंवा फोन उणे जीमध्ये तरंगत जाऊन स्टिकच्या बुडाशी अडकू शकतो, म्हणून खिसे रिकामे झाल्याशिवाय वैमानिक इंजिन सुरू करत नाही. सेल्फीची चिंता नको. अनेक विमानांत कॅमेरा आधीच पक्का बसवलेला असतो, आणि ४ जीमध्ये ओघळलेले गाल तो इमानेइतबारे टिपतो.