शनिवार-रविवारपलीकडचे लोणावळे

लोणावळ्यातले भाड्याचे बंगले शनिवार-रविवारी भरतात आणि सोमवारी रिकामे होतात. दर आठवड्याला नवे पाहुणे म्हणजे साफसफाई, चादरी धुणे आणि मोडतोड आलीच. आठ-पंधरा दिवस राहणारे पाहुणे मिळाले, तर रात्रीचा दर कमी ठेवूनही हाती जास्त उरू शकते.

असे पाहुणे लोणावळ्यात आणि आसपासच्या मावळ तालुक्यात येतात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापलेल्या कैवल्यधामात योग शिकायला देशविदेशातून लोक येतात. घरून काम करणाऱ्यांना पुण्याची लोकल सोयीची पडते. कार्ले, भाजे, बेडसे लेणी आणि लोहगड, विसापूर, तिकोना हे किल्ले निवांत पाहायचे तर बरेच दिवस हवेत.

अशा पाहुण्यांसाठी जलतरण तलावापेक्षा भरवशाचे इंटरनेट, इन्व्हर्टर, कामाचे टेबल आणि गॅस-भांड्यांसह स्वयंपाकघर महत्त्वाचे. पावसाळ्यात कपडे वाळवायची बंदिस्त जागा हवीच. आठवड्याचा आणि महिन्याचा दर वेगळा जाहीर करा. जवळच्या घरगुती डब्याची माहिती द्या.

परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती 24 तासांत सरकारकडे नोंदवावी लागते. मुक्काम काही महिन्यांचा असेल, तर भाडेकरार लेखी करून नोंदवून घ्या.